काटकसर, सहकार आणि सभासद नसलेला माणूस

काटकसर हा सुखवस्तू घरातला शब्द आहे. दोन भाज्यांऐवजी एक भाजी केली, दिवाळीला एकच नवे कापड घेतले, की त्या घरात काटकसर होते. आमच्या वस्तीत लहानपणी हा शब्द मी ऐकल्याचे आठवत नाही. तिथे 'भागवणे' असे. उसने आणून, एक वेळ उपाशी काढून, थोरल्या मुलीची शाळा थांबवून भागवायचे. शासन जेव्हा काटकसर करते तेव्हा त्याला शहाणपण म्हटले जाते आणि वर्तमानपत्रांचे अग्रलेख त्याची पाठ थोपटतात. परंतु ही काटकसर नेमकी कुणाच्या ताटातून होते, हा प्रश्न त्या अग्रलेखांत सहसा नसतो.

४ मे २०२० रोजी महाराष्ट्र शासनाच्या वित्त विभागाने एक निर्णय काढला. खात्यांना अर्थसंकल्पातील तरतुदीच्या केवळ ३३ टक्के निधी मिळेल आणि आरोग्याशी संबंधित खाती वगळता नवी नोकरभरती होणार नाही, असे त्यात होते. महामारीचा काळ होता, तिजोरीत कर येत नव्हता, हे मान्य. पण भरती थांबली म्हणजे काय थांबले? आरक्षण सरकारी नोकरीत आहे, खाजगी कंपनीत नाही. पदच भरायचे नाही असे ठरले की आरक्षणाविरुद्ध एक अक्षरही न बोलता आरक्षण थांबते. उच्च शिक्षणात तर हे त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. पूर्णवेळ जागा रिकामी ठेवायची आणि तिच्यावर तासिका तत्त्वाचा माणूस बसवायचा. घरातले पहिले पदवीधर, नेट-सेट झालेले, काही पीएच.डी. झालेले असे माझे कितीतरी समवयस्क तासावर मोबदला घेतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या हाती काहीच पडत नाही. तेव्हा काटकसर ही केवळ अर्थशास्त्राच्या पुस्तकातली बाब नव्हे. सामाजिक न्यायाचा प्रश्न तिच्यात गुंतलेला आहे.

हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर ग्रीस या देशाकडे पाहावे लागते. २०१० ते २०१८ या काळात तिथे काटकसरीचा प्रयोग सगळ्या जगाच्या डोळ्यांदेखत झाला. त्याचे आकडे उपलब्ध आहेत, आणि लोकांनी त्याला जे उत्तर दिले तेही नोंदलेले आहे. डाव्या विचारवंतांनी या उत्तराची पुष्कळ चर्चा केली. त्या चर्चेत आपल्या दृष्टीने एक जागा रिकामी राहिली असे मला वाटते. ती कोणती, ते पुढे येईलच.

प्रथम हकिकत. २००९ च्या अखेरीस ग्रीसमध्ये नवे सरकार आले आणि आधी सांगितली गेली होती त्यापेक्षा तूट फार मोठी असल्याचे त्याने जाहीर केले. कर्ज देणाऱ्यांनी व्याजदर वाढवले. मे २०१० मध्ये युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या तिघांनी (तिथले लोक या त्रिकुटाला 'त्रोइका' म्हणत) ११० अब्ज युरोचे कर्ज मंजूर केले आणि त्याबरोबर अटींची यादी दिली. २०१२ साली दुसरे कर्ज आले, दुसरी यादी आली. सरकारी नोकरांचे सणासुदीचे जादा पगार गेले. निवृत्तिवेतने एकदा नव्हे, अनेकदा कापली गेली. फेब्रुवारी २०१२ मध्ये किमान वेतन ७५१ युरोंवरून ५८६ युरोंवर आणले, आणि पंचविशीच्या आतल्या तरुणांसाठी त्याहूनही खाली. घरपट्टीसारखा एक नवा कर विजेच्या बिलात घालण्यात आला. तो भरला नाही तर वीज तोडायची! २०१३ साली दर शंभरातले सत्तावीस माणसे बेकार होती, आणि तरुणांत तर निम्म्याहून अधिक. ४ एप्रिल २०१२ रोजी अथेन्समध्ये संसदेसमोरच्या सिंटाग्मा चौकात ७७ वर्षांच्या एका निवृत्त औषधविक्रेत्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. कचऱ्यात अन्न शोधण्याची पाळी येण्यापूर्वी सन्मानाने मरतो, अशा आशयाची चिठ्ठी त्याने मागे ठेवली होती.

एवढे करून कर्ज कमी झाले काय? राष्ट्रीय उत्पन्नाशी कर्जाचे प्रमाण २००९ साली सव्वाशे टक्क्यांच्या थोडे पुढे होते. २०१४ साली ते पावणेदोनशेच्याही पुढे गेले. यात जादू काही नाही. एखाद्या गावातल्या शिक्षकाचा पगार कापला तर तो नवे कपडे शिवत नाही, म्हणून शिंपी किराणा कमी भरतो, म्हणून दुकानदार नोकराला काढून टाकतो. सरकारचा एक रुपया वाचतो, पण गावाचे उत्पन्न त्याहून अधिक घटते. कर्ज तेवढेच राहते आणि ते फेडणारे उत्पन्न मात्र आटते. ग्रीसचे उत्पन्न काही वर्षांत सुमारे एक चतुर्थांशाने आटले. जानेवारी २०१३ मध्ये नाणेनिधीच्याच दोन अर्थशास्त्रज्ञांनी लिहिले की खर्चकपातीचा उत्पन्नावर होणारा परिणाम अंदाज बांधताना फार कमी धरला गेला होता. म्हणजे हिशोब चुकला होता. ज्यांची निवृत्तिवेतने गेली त्यांना ती परत मिळाली नाहीत, हे सांगायला नकोच.

आणि आलेले कर्ज गेले कुठे? बर्लिनच्या एका व्यवस्थापन संस्थेने २०१६ साली पहिल्या दोन कर्जांतल्या पैशाची वाट तपासली. ग्रीसच्या अंदाजपत्रकापर्यंत पाच टक्क्यांहूनही कमी रक्कम पोहोचली होती. उरलेली जुनी कर्जे आणि व्याज फेडण्यात व बँका सावरण्यात गेली. आपल्याकडे सावकार जुन्या खात्याची बाकी नव्या खात्यावर चढवतो तेव्हा त्याला कोणी मदत म्हणत नाही. इथे मात्र 'बचाव' हा शब्द वापरला गेला.

आता लोकांचे उत्तर पाहू. नोकरी गेली की काही काळाने आरोग्यविमाही जात असे, आणि विमा नाही म्हणजे सरकारी दवाखान्यातही पैसे मोजा. डिसेंबर २०११ मध्ये अथेन्सजवळ एलिनिको येथे जुन्या विमानतळाच्या परिसरात काही डॉक्टरांनी आणि स्वयंसेवकांनी एक दवाखाना सुरू केला. विमा नसलेला कोणीही यावा, ग्रीक असो वा परदेशी. पैशाची देणगी घ्यायची नाही, औषधे घ्यायची. घरोघरी उरलेल्या गोळ्या लोक आणून देत. असे दवाखाने मग कितीतरी शहरांत निघाले. २०१६ साली कायदा होऊन विमा नसलेल्यांना सरकारी रुग्णालयांची दारे पुन्हा उघडली, त्यात या दवाखान्यांच्या झगड्याचा वाटा होता. (ती विमानतळाची जमीन खाजगीकरणात विकली गेली आणि दवाखान्याला पुढे तिथून हलावे लागले, हेही नोंदवले पाहिजे.) २०१२ च्या सुरुवातीला काटेरिनी या गावातल्या लोकांनी शेतकऱ्यांकडून थेट बटाटे आणून विकायला सुरुवात केली. दलाल गेला, शेतकऱ्याला भाव अधिक, घेणाऱ्याला दर कमी. ही चळवळ देशभर पसरली.

सर्वांत अधिक चर्चा झाली ती थेसालोनिकी शहरातल्या 'व्हिओमे' या कारखान्याची. तिथे बांधकामाला लागणारे चिकटद्रव्य तयार होत असे. मे २०११ मध्ये मालकांनी कारखाना वाऱ्यावर सोडला आणि कामगारांचे पगार थकले. यंत्रे कोणी उचलून नेऊ नयेत म्हणून कामगारांनी पहारा बसवला. १२ फेब्रुवारी २०१३ रोजी त्यांनी मालकाविना उत्पादन सुरू केले. बांधकामाचा बाजार बसलेला, म्हणून चिकटद्रव्य सोडून साबण आणि सफाईचे द्रव बनवू लागले. रोज सकाळी सभा, सर्वांना सारखे वेतन, साहेब कोणी नाही. पुढे रीतसर सहकारी संस्था नोंदवली, आणि बाहेरचे सहानुभूतीदार 'पाठिराखे सभासद' म्हणून दरमहा माल घेऊ लागले. जमिनीचा लिलाव करण्याचे प्रयत्न वारंवार झाले. २०२० च्या मार्चअखेर वीज तोडली तेव्हा त्यांनी जनित्र लावून काम चालवले.

अशा प्रयोगाकडे पाहण्याची डाव्यांची दृष्टी एक नाही. मार्क्सने १८६४ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघाच्या उद्घाटनपर निवेदनात सहकारी कारखान्यांचे मोठे स्वागत केले. मालकांच्या वर्गाशिवाय मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊ शकते हे त्यांनी वादाने नव्हे तर कृतीने सिद्ध केले, असे त्याचे म्हणणे. त्याच निवेदनात तो बजावतो की मूठभर कामगारांच्या तुरळक प्रयत्नांनी मक्तेदारी रोखली जाणार नाही. त्यासाठी सहकाराला राष्ट्रव्यापी रूप द्यावे लागेल आणि राजकीय सत्ता हाती घ्यावी लागेल. रोझा लक्झेंबर्ग अधिक कठोर आहेत. भांडवली बाजारात उभ्या असलेल्या उत्पादक सहकारी संस्थेत कामगारांना स्वतःच स्वतःचे मालक होऊन स्वतःला पिळावे लागते, नाहीतर संस्था मोडते, असे त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच लिहून ठेवले. आपल्याकडे याचा पडताळा आहे. कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज ही कंपनी १९८५ मध्ये बंद पडली आणि १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने ती कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आली. व्हिओमेच्या पंचवीस वर्षे आधीची ही गोष्ट. पण आमच्या पुरोगामी मित्रांना ग्रीस ठाऊक असतो आणि कुर्ला ठाऊक नसते. काही वर्षे कारखाना चालला, नंतरच्या दशकात पुन्हा आजारी पडला. मालक गेला तरी खेळत्या भांडवलासाठी बँकेची पायरी चढावीच लागते, आणि बँक जुन्याच वर्गाची राहिलेली असते.

मला स्वतःला थेसालोनिकीतल्या पाण्याच्या लढ्याचे प्रकरण अधिक विचार करायला लावते. कर्जाच्या अटींत सरकारी मालमत्ता विकण्याची अट होती, आणि विकायच्या यादीत या शहराची पाणीपुरवठा कंपनी होती. तेव्हा काही नागरिकांनी हिशोब मांडला. कंपनीच्या अपेक्षित किमतीला नळजोडण्यांच्या संख्येने भागले तर दर जोडणीमागे १३६ युरो येतात. प्रत्येक घराने तेवढे भरले, वस्तीवस्तीत सहकारी संस्था काढल्या आणि त्यांनी मिळून कंपनी विकत घेतली, तर पाणी लोकांच्या हाती राहील! या चळवळीचे नावच '१३६' पडले. त्यावर प्रश्न निघाला: जे आपलेच आहे ते आपण विकत का घ्यावे? आणि ज्या घरात १३६ युरो नाहीत त्याचे काय? अखेर सहकारी संस्थांची बोली निविदेतून बाद झाली आणि लढा सरळ विरोधाचा झाला. १८ मे २०१४ रोजी, स्थानिक निवडणुकीच्या दिवशीच, नागरिकांनी स्वतः सार्वमत घेतले. सरकारने ते बेकायदा ठरवले होते. तरी २ लाख १८ हजार लोकांनी मत दिले आणि त्यांतल्या ९८ टक्क्यांनी खाजगीकरण नाकारले. त्याच सुमारास अथेन्सच्या पाणीकंपनीबाबत तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने खाजगीकरण घटनाबाह्य ठरवले, आणि थेसालोनिकीची विक्रीही बारगळली.

पाणी म्हटले की आपल्याला महाड आठवल्याशिवाय राहत नाही, आणि ते केवळ भावनेपोटी नव्हे. ग्रीक लढ्याची मागणी 'पाणी सार्वजनिक ठेवा' ही होती. चवदार तळे सार्वजनिकच होते. महाडच्या नगरपालिकेने ते सर्वांना खुले केल्याचा ठरावही केला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन तिथे जावे लागले आणि नंतर डोकी फुटली. सार्वजनिक हा शब्द युरोपातल्या डाव्यांना पुरतो. आपल्याला पुरत नाही. 'सार्वजनिक' या शब्दातले जन कोण, हे विचारावे लागते. डाव्या चर्चेत जी जागा रिकामी राहते असे मी वर म्हटले, ती हीच.

ग्रीसमध्ये तो प्रश्न विचारणारे प्रसंग घडले. २०१२ साली 'सोनेरी पहाट' नावाचा नाझी वळणाचा पक्ष संसदेत शिरला. त्यानेही सिंटाग्मा चौकात अन्नवाटप सुरू केले, परंतु ओळखपत्र पाहून, फक्त ग्रीकांना. रक्तदानही फक्त ग्रीकांसाठी! पंगत आहे, वाढपी आहे, ताटेही आहेत. बसायचे कोणी एवढे ठरलेले आहे. हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. रात्री याच पक्षाची माणसे परदेशी मजुरांना मारहाण करीत. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अथेन्सच्या न्यायालयाने या पक्षाला गुन्हेगारी संघटना ठरवले. एलिनिकोच्या दवाखान्याने परदेशी माणसाला रांगेत घेतले याचे मोल या पार्श्वभूमीवर कळते.

दुसरा प्रसंग मानोलादाचा. हा दक्षिण ग्रीसमधला स्ट्रॉबेरीचा मुलूख. एप्रिल २०१३ मध्ये तिथल्या एका मळ्यावर बांगलादेशी मजूर थकलेली मजुरी मागायला जमले. कित्येक महिने त्यांना दाम मिळाला नव्हता. मळ्याजवळच प्लॅस्टिकच्या झोपड्यांत ते राहत. मालकाच्या मुकादमाच्या माणसांनी त्यांच्यावर बंदुका चालवल्या, तीसेक माणसे जखमी झाली. ग्रीक न्यायालयाने २०१४ साली मालकाला सोडून दिले. मार्च २०१७ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ही वेठबिगारी होती असे ठरवून ग्रीसला दोषी धरले आणि भरपाई द्यायला लावली. बटाट्याच्या चळवळीने दलाल हटवला, शेतकऱ्याची आणि शहरातल्या गृहिणीची गाठ घालून दिली, हे चांगलेच झाले. त्या गाठीत मळ्यावर राबणारा मजूर मात्र कुठेच नव्हता. त्याचा हिशोब ना भावात होता ना चळवळीच्या जाहीरनाम्यात.

मानोलादा वाचताना महाराष्ट्राचा माणूस साखरपट्ट्याकडे वळल्यावाचून कसा राहील? १९५० साली प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. खाजगी साखरसम्राटांच्या विरुद्ध शेतकऱ्यांनी केलेला तो मोठा पराक्रम होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण भागधारक व्हायचे तर ऊस पाहिजे, ऊस पाहिजे तर जमीन आणि पाणी पाहिजे. गावकुसाबाहेरच्या माणसाकडे ते नव्हते. तो कारखान्यात आला तो कोयता घेऊन. इथे माणसे मोजताना 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई हा अर्धा कोयता! मुकादमाकडून उचल घ्यायची, सहा महिने गाव सोडायचे, पाचटाच्या खोपीत राहायचे, आणि हंगाम संपल्यावर उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तोच मुकादम. कागदोपत्री तो कारखान्याचा कामगार नसतो, संस्थेचा सभासद तर नसतोच. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला तेव्हा पांढरपेशा वाचकाला धक्का बसला. रोज बुडाला की दंड पडतो अशा धंद्यात पाळीचे दिवसही परवडत नाहीत, एवढे साधे गणित त्याच्या मागे होते. सहकार नावाच्या चळवळीच्या पोटात हे सारे सत्तर वर्षे चालले.

म्हणून सहकारी संस्था पाहिली की मी तिचा नफा किंवा तिची लोकशाही आधी पाहत नाही. सभासदत्व कशावर मिळते, ते पाहतो. भाग विकत घेऊन, जमीन दाखवून, की काम करून? व्हिओमेत ते कामावर मिळत होते, ही त्या प्रयोगाची खरी थोरवी आहे. पण कारखान्यात आधीपासून जो कामगार होता त्यालाच काम होते. दाराबाहेरच्या बेकाराला नव्हते. हा त्या कामगारांचा दोष नाही. तेवढेच भांडवल त्यांच्याजवळ होते.

बाबासाहेबांनी १९४७ साली अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात या प्रश्नाला हात घातला आहे. मुख्य उद्योग राज्याच्या मालकीचे, विमा राज्याकडे, आणि शेती हाही राज्याचा उद्योग. जमीन राज्याने भरपाई देऊन घ्यायची, तिचे ठरावीक आकाराचे मळे पाडायचे आणि गावातल्या कुटुंबांच्या गटांना सामुदायिक रीतीने कसायला द्यायचे. पाणी, जनावरे, अवजारे, बियाणे यांसाठी पैसा राज्याने पुरवायचा. जात-धर्म न पाहता जमीन अशी वाटायची की गावात जमीनदार राहणार नाही, कूळ राहणार नाही आणि भूमिहीन मजूरही राहणार नाही. शिवाय हे सारे घटनेतच लिहायचे, म्हणजे उद्या एखादे बहुमत आले आणि त्याने मोडले असे होणार नाही. इथे सभासदत्व गावात राहण्यावर आहे, भाग घेण्याच्या ऐपतीवर नाही. आमचे मार्क्सवादी मित्र बाबासाहेबांना अर्थविचार नव्हता असे म्हणत आले. त्यांनी ही पाने वाचलेली नसावीत. ही योजना घटनेत आली नाही.

या योजनेला आज एक आक्षेप घेता येतो आणि तो ग्रीसच्याच अनुभवातून येतो. राज्याकडे सगळे सोपवायचे, पण राज्यच कर्जदारांच्या हातात असेल तर? जानेवारी २०१५ मध्ये सिरिझा हा डावा पक्ष काटकसरीला विरोध करून सत्तेवर आला. ५ जुलै २०१५ च्या सार्वमतात ६१ टक्के लोकांनी कर्जदारांच्या अटी नाकारल्या. तेव्हा बँका बंद होत्या; एका माणसाला दिवसाला साठ युरोंपेक्षा अधिक काढता येत नव्हते. आठच दिवसांत, १३ जुलैला, त्याच सरकारने त्याहून कडक अटी मान्य केल्या आणि ऑगस्टमध्ये ८६ अब्ज युरोपर्यंतचा तिसरा करार झाला. ज्या देशाला स्वतःचे चलन छापता येत नाही त्याची ही अवस्था झाली. महाराष्ट्र शासनालाही स्वतःचे चलन नाही, आणि केंद्राने ठरवलेल्या तुटीच्या मर्यादेत त्याला कर्ज काढावे लागते. मग ३३ टक्क्यांचा निर्णय निघतो, भरती थांबते, वसतिगृहाचे अनुदान लांबते. अशा राज्याच्या हाती शेती द्यायची की नाही, यावर आपल्यात मतभेद होऊ शकतात आणि ते व्हावेत. परंतु वादाला बसताना ऊसतोडीचा मुकादम, मानोलादाचा मजूर आणि तासिका तत्त्वावरचा मास्तर यांना बाहेर बसवून तो करता येणार नाही. थेसालोनिकीच्या सार्वमतात नळजोडणी नसलेल्यालाही मत होते. १३६ युरोंच्या योजनेत ते नव्हते.